ग्रेड केलेला पहिला कॉमिक अंक घेण्याआधी, आणि स्वतःचा अंक ग्रेडिंगला पाठवण्याआधी

'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक १९३८ साली दहा सेंटना मिळत होता. सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो याच अंकात. या अंकाची ८.५ ग्रेडची, म्हणजे स्थितीला दहापैकी साडेआठ गुण मिळालेली प्रत मार्च २०१० मध्ये १५ लाख डॉलरना विकली गेली. एप्रिल २०२१ मध्ये त्याच ग्रेडच्या प्रतीला साडेबत्तीस लाख मिळाले आणि एप्रिल २०२४ मध्ये ६० लाख. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये १९३९ च्या 'सुपरमॅन'च्या पहिल्या अंकाची ९.० ग्रेडची प्रत लिलावात ९१ लाख २० हजार डॉलरपर्यंत पोचली. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका घराच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांखाली ती सापडली होती.

अशा बातम्या वाचून या छंदाकडे वळणारे खूप आहेत, आणि पहिल्या वर्षभरात त्यांचे बरेच पैसे चुकीच्या ठिकाणी जातात. ग्रेड केलेला अंक बंद पेटीत मिळतो. बहुतेक जण त्या पेटीवरचा आकडा विकत घेतात, आतला अंक बघतच नाहीत. कॉमिक घेणं आणि ग्रेडिंगला पाठवणं या दोन्ही वाटा मी चालून पाहिल्या आहेत. तिथे नवा माणूस कुठे गोंधळतो ते क्रमाने लिहितो. लाखांच्या अंकांची उदाहरणं वाटेत येतील, पण हा लेख शंभर-दोनशे डॉलरपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे.

१. ग्रेडिंग म्हणजे नेमकं काय, ते आधी समजून घ्या

जुन्या अंकाची स्थिती विकणारा सांगेल तीच मानायची, असा हा बाजार कित्येक वर्षं चालला. विकणाऱ्याला जो अंक 'जवळजवळ नवा' वाटायचा तो घेणाऱ्याला 'बरा' वाटायचा, आणि भांडण तिथेच सुरू व्हायचं. २००० साली अमेरिकेत सीजीसी ही कंपनी सुरू झाली. तिने त्रयस्थ म्हणून अंक तपासायचा, ०.५ ते १० या पट्टीवर ग्रेड द्यायची आणि अंक पारदर्शक कडक पेटीत बंद करून द्यायचा, अशी पद्धत रुजवली. या बंद पेटीला सगळे 'स्लॅब' म्हणतात, आणि पेटीबाहेरच्या मोकळ्या अंकाला 'रॉ' म्हणजे कच्चा अंक. २०१४ पासून सीबीसीएस ही दुसरी कंपनीही हेच काम करते. पण आजही सारख्याच ग्रेडला सीजीसीच्या स्लॅबला बहुधा जास्त भाव मिळतो, हे लक्षात ठेवूनच तुलना करा.

भाव चढण्यात या पेटीचा मोठा हात आहे. स्थितीवरून वाद उरला नाही तेव्हा अंक हातात न घेता, नुसत्या फोटोवरून मोठ्या रकमेची बोली लावता येऊ लागली. त्यामुळे वाचक-संग्राहकांसोबत गुंतवणूकदारही आले. २०२० आणि २०२१ मध्ये लोक घरी होते, हातात पैसा होता, आणि बाजार भडकला. २०२१ मध्येच ब्लॅकस्टोन या मोठ्या गुंतवणूक कंपनीने सीजीसीच्या मूळ कंपनीत मोठा हिस्सा घेतला. पुढच्या दोन वर्षांत बरेच भाव खाली आले, विशेषतः १९७० नंतरच्या, भरपूर प्रती उपलब्ध असलेल्या अंकांचे. बातमीत येतात ते विक्रम. मधल्या थरातल्या अंकांची घसरण बातमीत येत नाही.

जुन्या अंकांच्या तुटवड्याचं कारण वेगळंच आहे. १९४० च्या दशकातले अंक मुलं वाचायची, मागे दुमडून खिशात कोंबायची, मित्रांना द्यायची. महायुद्धात अमेरिकेत कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यात गठ्ठेच्या गठ्ठे गेले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तर काही गावांत कॉमिक्सच्या होळ्या झाल्या. म्हणून त्या काळातली स्वच्छ प्रत हे खरं दुर्मिळ धन आहे. १९९० च्या दशकातल्या अंकाला हे कारण लागू होत नाही, कारण तेव्हा लोक दोन-दोन प्रती घेऊन पिशवीत जपतच होते.

२. लेबल वाचायला शिका

ग्रेडची पट्टी सरळ वाटते, पण पायऱ्या सारख्या नाहीत. वरच्या टोकाला १०, ९.९, ९.८, ९.६, ९.४, ९.२, ९.० असे बारीक टप्पे आहेत. त्याखाली ८.५, ८.०, ७.५ असे अर्ध्या-अर्ध्याचे. तळाशी १.८, १.५, १.० आणि ०.५. आधुनिक अंकांच्या बाजारात ९.८ ही ग्रेड जवळजवळ देवासारखी पुजली जाते. ९.९ आणि १० फारच थोड्या अंकांना मिळतात. ९.८ आणि ९.६ मधला फरक म्हणजे बऱ्याचदा कण्यावरची, म्हणजे पिना मारलेल्या घडीच्या कडेवरची, एखादी केसाएवढी रेघ किंवा कोपऱ्याचा किंचित बोथटपणा असतो. पण किमतीत तो फरक दुप्पट किंवा त्याहून जास्त होऊ शकतो. हा फरक तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत नसेल, तर त्यासाठी पैसे मोजू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचणाऱ्याला ९.४ चा अंक अतिशय देखणा दिसतो.

आकड्याइतकाच लेबलचा रंग महत्त्वाचा. सीजीसीकडे निळं लेबल म्हणजे नेहमीचा अंक, त्यावर दुरुस्ती आढळलेली नाही. पिवळं म्हणजे कंपनीच्या साक्षीदारासमोर झालेली सही. जांभळं म्हणजे रिस्टोरेशन, म्हणजे अंकावर रंग भरला आहे, कागदाचा तुकडा जोडला आहे, कडा छाटल्या आहेत किंवा असंच काही. हिरवं म्हणजे 'क्वालिफाइड'. अंक चांगला आहे, पण एक मोठा दोष वगळून ग्रेड दिली आहे, आणि तो दोष लेबलवर लिहिलेला असतो. नव्या माणसाची फसगत बहुतेक वेळा इथेच होते. जाहिरातीच्या मथळ्यात '८.० सीजीसी' असतं आणि लेबल जांभळं असतं. जांभळ्या लेबलचा अंक निळ्याच्या किमतीच्या काही अंशालाच विकला जातो, तेव्हा 'स्वस्तात मिळतोय' असं वाटलं की आधी रंग बघा. मनापासून आवडलेला अंक परवडत नसेल तर जांभळं लेबल घ्यायला माझी काहीच हरकत नाही. फक्त निळ्याच्या भावाने घेऊ नका.

लेबलवर पानांचा दर्जाही लिहिलेला असतो. व्हाइट, ऑफ-व्हाइट टू व्हाइट, ऑफ-व्हाइट, क्रीम आणि शेवटी ब्रिटल, म्हणजे ठिसूळ. दोन अंकांची ग्रेड सारखी आणि किंमतही जवळपास असेल तर पांढऱ्या पानांचा घ्या. ठिसूळ पानांच्या अंकापासून दूर राहा, कारण तो कागद पेटीतही मोडतच राहतो.

काही लेबलांवर 'पेडिग्री' असा उल्लेख दिसेल. एकाच माणसाने विकत घेऊन नीट जपलेल्या, नंतर मान्यता पावलेल्या मूळ संग्रहातून तो अंक आला, असा त्याचा अर्थ. यातला सर्वांत नावाजलेला संग्रह एडगर चर्च यांचा. कोलोरॅडोतल्या त्यांच्या घरातून १९७७ साली चक रोझान्स्की यांनी तो विकत घेतला, आणि तो 'माइल हाय' नावाने ओळखला जातो. पेडिग्रीसाठी वेगळे पैसे पडतात. पहिल्या खरेदीत त्याच्या मागे लागू नका.

३. आधी अंक ठरवा, ग्रेड नंतर

'की' हा शब्द सतत कानावर पडेल. एखादं पात्र पहिल्यांदा आलं, एखादी महत्त्वाची घटना घडली, तो अंक म्हणजे की. ऑगस्ट १९६२ चा 'अमेझिंग फँटसी' अंक १५ म्हणजे स्पायडरमॅनचं आगमन. 'इनक्रेडिबल हल्क' अंक १८१, नोव्हेंबर १९७४, म्हणजे वुल्व्हरिनची पहिली पूर्ण कथा. वुल्व्हरिन आधीच्या अंकाच्या, १८० च्या शेवटच्या पानावर डोकावून जातो, म्हणून त्या अंकालाही मागणी असते, पण १८१ ची सर नाही. 'न्यू म्यूटंट्स' अंक ९८, फेब्रुवारी १९९१, म्हणजे डेडपूल.

पण की असणं पुरेसं नाही, बाजारात प्रती किती आहेत ते बघा. १९९१ च्या 'एक्स-मेन' अंक १ च्या ८० लाखांहून जास्त प्रती दुकानदारांनी मागवल्या, त्याही वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह. तो अंक प्रसिद्ध आहे, सुंदर आहे, आणि कितीही दशकं ठेवला तरी दुर्मिळ होणार नाही. उलट २००३ चा 'द वॉकिंग डेड' अंक १ काही हजारच छापला गेला होता. पुढे दूरचित्रवाणी मालिका आली तेव्हा मागणी एकदम वाढली आणि प्रती कमी पडल्या.

यासाठी सीजीसीचा सेन्सस उपयोगी पडतो. कोणत्या अंकाच्या किती प्रतींना कोणती ग्रेड मिळाली, याची ती मोफत बघता येणारी नोंद आहे. मात्र ती डोळे झाकून वाचू नका. जास्त ग्रेड मिळेल या आशेने लोक स्लॅब फोडून तोच अंक पुन्हा पाठवतात, आणि जुनं लेबल परत केलं नाही तर एकच प्रत दोनदा मोजली जाते. शिवाय अलीकडच्या अंकांचा सेन्सस दर महिन्याला फुगतो. आज ९.८ च्या दोनशे प्रती आहेत म्हणून पुढच्या वर्षीही दोनशेच असतील असं नाही. १९४० च्या दशकातल्या अंकांच्या नोंदी त्या मानाने स्थिर असतात.

चित्रपटाच्या घोषणेमागे धावू नका. घोषणा झाली की त्या पात्राचा पहिला अंक वर उडतो, आणि चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत बऱ्याचदा खाली येऊ लागतो. विकायला तो काळ चांगला असतो. घ्यायला नाही.

४. भाव काढा, मागितलेला नव्हे तर मिळालेला

ईबेवर कोणीही काहीही किंमत लावू शकतं. ती किंमत म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. तुम्हाला हवे आहेत झालेले व्यवहार. ईबेवर 'विकले गेलेले' अशी चाळणी लावता येते. जीपीॲनालिसिस आणि गोकलेक्ट या सेवा ग्रेडनुसार विक्रीच्या नोंदी ठेवतात. हेरिटेज ऑक्शन्सच्या जुन्या लिलावांचे निकाल नोंदणी केली की बघता येतात. ओव्हरस्ट्रीटची मूल्यदर्शिका १९७० पासून निघते. अंकांचा इतिहास आणि प्रकार समजायला ती उत्तम आहे, पण झपाट्याने हलणाऱ्या भावांसाठी वर्षातून एकदा निघणाऱ्या पुस्तकावर विसंबता येत नाही.

शेवटच्या तीन महिन्यांतले, त्याच ग्रेडचे, त्याच रंगाच्या लेबलचे, त्याच कंपनीचे व्यवहार एका कागदावर लिहा. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडून द्या. उरलेल्यांच्या मधोमध तुमचा भाव. फक्त एकच विक्री सापडली तर तो भाव नाही, ती एक घटना आहे. २०२१ च्या नोंदी आज दाखवून कोणी किंमत मागत असेल, तर नम्रपणे अलीकडच्या नोंदी दाखवा.

एकच ग्रेड कुठल्या काळात कुठे असते याचं उदाहरण बघा. 'अमेझिंग फँटसी' १५ ची ९.६ ग्रेडची प्रत २०११ मध्ये ११ लाख डॉलरना गेली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ९.६ चीच प्रत ३६ लाखांना. दहा वर्षांत तिपटीहून जास्त. पण या ग्रेडच्या प्रती हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच आहेत. हे गणित तुमच्या ४.० च्या प्रतीला लावू नका.

लिलावात बोलीच्या वर खरेदीदाराचा अधिभार द्यावा लागतो. काही लिलावघरांत तो वीस टक्क्यांच्या आसपास असतो, काही ठिकाणी नसतोच. त्यावर पाठवणी, विमा, आणि दुसऱ्या देशातून मागवत असाल तर आयात शुल्क. आपली कमाल रक्कम या सगळ्यासकट ठरवा आणि मगच बोली लावायला बसा.

५. स्लॅब घेताना तपासायच्या गोष्टी

लेबलवर प्रमाणपत्र क्रमांक असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर तो टाका. अंकाचं नाव, ग्रेड, पानांचा दर्जा, शेरे, सगळं जुळलं पाहिजे. काही क्रमांकांसोबत स्लॅबचे फोटोही दिसतात. तसे असतील तर कण्यावरच्या रेघा आणि कोपरे एक-एक करून ताडून पाहा.

हे ताडून पाहणं मी इतकं आग्रहाने का सांगतोय? २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीला एक प्रकरण उघड झालं. महागड्या अंकाचा स्लॅब उघडायचा, आत त्याच अंकाची हलकी प्रत ठेवायची, आणि पेटीला तडा गेला असं दाखवून ती नव्या पेटीत घालून घ्यायची, असा तो उद्योग होता. सीजीसीने संशयित क्रमांकांची यादी जाहीर केली. म्हणजे क्रमांक खरा, लेबल खरं, पेटी खरी, आणि अंक दुसराच. म्हणून लेबलवर ९.८ लिहिलेलं असताना कण्यावर चार ठळक पांढऱ्या रेघा दिसत असतील, तर आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवा आणि बाजूला व्हा.

विकणाऱ्याकडे पुढचा, मागचा आणि चारही कडांचा फोटो मागा. पेटीच्या कोपऱ्यांना तडे, शिवणीवर खरडल्याच्या खुणा, पांढरट ताण दिसतोय का ते बघा. आतल्या पारदर्शक थरांमुळे कधी इंद्रधनुषी वलयं दिसतात. ती अंकाला इजा करत नाहीत, फक्त फोटोत वाईट दिसतात. याउलट अंक पेटीत सैल हलत असेल तर तो खरा धोका आहे. पार्सल आदळल्यावर आतल्या आत मुखपृष्ठ पिनांपाशी फाटू शकतं, आणि लेबलवर मात्र जुनीच ग्रेड राहते.

सारख्याच ग्रेडचे दोन अंक सारखे नसतात. एका ६.० ला मलपृष्ठावर डाग असेल आणि मुखपृष्ठ झळझळीत. दुसऱ्या ६.० ला नायकाच्या चेहऱ्यावरून घडी गेलेली असेल. पहिला घ्या. तो भिंतीवरही छान दिसतो आणि विकायलाही सोपा जातो.

६. कच्चा अंक तपासताना

कच्चा अंक घेऊन स्वतः ग्रेडिंगला पाठवणं हा या छंदातला सर्वांत शिकवणारा भाग आहे. त्यासाठी जवळ ठेवा:

- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- हलवता येईल असा पांढरा एलईडी दिवा
- अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी
- पट्टी
- स्वच्छ, सपाट, कोरडं टेबल
- मायलरच्या (पारदर्शक पॉलिस्टरच्या) पिशव्या आणि आम्लरहित पुठ्ठे

हातमोजे मी यादीत मुद्दाम घेतले नाहीत. सुती मोज्यांतून कागदाची कड जाणवत नाही आणि पान अडकून फाटू शकतं. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, तेवढं पुरे.

अंक सपाट ठेवा आणि दिवा बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा. समोरून न दिसलेले खळगे, बोटांचे दाब, वाकलेल्या जागा तिरप्या प्रकाशात लगेच उठून दिसतात. मग कणा बघा. पिनांच्या आसपासच्या आडव्या बारीक रेघांमध्ये रंग उडून कागद पांढरा दिसतोय का? रंग उडालेली रेघ कायमची. रंग शाबूत असलेला दाब प्रेसिंगने, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन सपाट केल्याने, निघू शकतो. पुढे सगळं गणित या एका फरकावर अवलंबून राहणार आहे, म्हणून भिंग लावून, घाई न करता बघा.

१९५० आणि ६० च्या दशकातल्या मार्व्हलच्या अंकांच्या उजव्या कडेला बारीक टवके उडालेले दिसतात. ते छपाईनंतरच्या कापणीतून आलेले असतात, वाचकाने केलेले नव्हेत, तरी ग्रेड कमी होतेच.

पिना गंजल्या आहेत का आणि कागदाची भोकं पिनांशी जुळतात का ते बघा. जुळत नसतील तर पिना बदललेल्या असू शकतात. पानं मोजा. मधलं जोडपान दोन्ही पिनांना धरून आहे ना? ते सुटून हरवलेलं असेल तर वरवर सुंदर दिसणाऱ्या अंकाची किंमत कोसळते.

आता दोन सापळे, जे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.

पहिला सापळा कात्रीचा. १९७४ च्या सुमारास मार्व्हलच्या अंकांत वाचकांनी कापून वहीत चिकटवायचे छोटे 'मार्व्हल व्हॅल्यू स्टँप' छापले जात. मुलांनी ते इमानदारीने कापले. 'हल्क' १८१ मध्येही असा स्टँप आहे. तो कापलेला असेल तर अंकाला हिरवं लेबल तरी मिळतं किंवा फार खालची ग्रेड. हा अंक कच्चा घेताना विकणाऱ्याकडून त्या पानाचा फोटो मागितल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका. 'पिशवीतून काढत नाही' असं उत्तर आलं तर विषय तिथेच संपवा.

दुसरा सापळा मोठ्या आकाराचा. १९७४ मध्ये डीसीने 'फेमस फर्स्ट एडिशन' नावाने 'ॲक्शन कॉमिक्स' १ ची जशीच्या तशी पुनरावृत्ती काढली. तिला बाहेरून एक वेगळं मुखपृष्ठ होतं. ते बाहेरचं काढून टाकलं की आत मूळ अंकासारखं दिसणारं मुखपृष्ठ उरतं, तारीख १९३८, किंमत दहा सेंट. पण आकार मूळ अंकापेक्षा बराच मोठा, उंची तेरा इंचांच्या वर. पट्टी लावली की दोन सेकंदांत प्रश्न मिटतो. ट्रंकेत सापडला, आजोबांचा आहे, अशा कथा ऐकण्याआधी उंची विचारा.

छुपी दुरुस्ती शोधताना मुखपृष्ठ उघडून आतल्या बाजूने कणा बघा. काळ्या कण्यावरच्या पांढऱ्या रेघा कोणी पेनाने भरल्या असतील तर शाई बऱ्याचदा आत झिरपलेली दिसते. अतिनील प्रकाशात नवा रंग आणि गोंद वेगळे चमकू शकतात. कडा छाटलेल्या असतील तर पानांच्या बाकीच्या पिवळेपणाच्या मानाने कड संशयास्पद ताजी आणि पांढरी दिसते. यातलं काहीही आढळलं की तो अंक जांभळ्या लेबलचा धरूनच भाव करा.

७. पाठवावा की नाही

इथे बसून हिशेब करा. समजा, कच्च्या अंकाला आज सहज १०० डॉलर मिळतात. ९.८ आली तर २५०, ९.६ आली तर १३०, ९.४ आली तर ९०. ग्रेडिंग शुल्क, प्रेसिंग, जाण्या-येण्याचा पाठवणीखर्च आणि विमा मिळून प्रत्येक अंकामागे समजा ६० डॉलर पडले. मग ९.८ आली तरच हाती काही उरतं. ९.६ ला तुम्ही तोट्यात. आणि नवख्या माणसाला ९.८ वाटणारे बरेच अंक ९.६ किंवा ९.४ होऊन परत येतात. म्हणून माझा नियम असा, की तुमच्या अंदाजापेक्षा एक पायरी खालची ग्रेड आली तरी खर्च निघणार असेल, तरच पाठवा. स्वतःच्या आनंदासाठी, लहानपणीचा अंक जपायचा म्हणून पाठवत असाल तर हा हिशेब बाजूला ठेवा. ते कारण पूर्णपणे योग्य आहे.

प्रेसिंगबद्दल थोडं. उष्णता, ओलावा आणि दाब देऊन अंकातले रंग न उडालेले दाब आणि वाक सपाट करतात. सीजीसी याला रिस्टोरेशन मानत नाही, त्यामुळे लेबल निळंच राहतं. सीजीसीचीच संलग्न सेवा सीसीएस हे काम करते आणि स्वतंत्र कारागीरही करतात. इस्त्री घेऊन घरी प्रयोग करू नका. जास्त उष्णतेने मुखपृष्ठ आक्रसतं, पिनांपाशी फाटतं, पानं कडेबाहेर डोकावू लागतात.

सही हवी असेल तर आधी कंपनीचा नियम वाचा, मग कलाकारासमोर अंक धरा. साक्षीदाराशिवाय घेतलेली सही पिवळ्या लेबलला पात्र ठरत नाही. सही खरी असूनही ती मुखपृष्ठावर लिहिलेलं काहीतरी म्हणूनच मोजली जाऊ शकते. सीबीसीएसकडे आधी घेतलेल्या सह्या तपासून घेण्याची सोय आहे.

८. पाठवण्याची पद्धत

खातं उघडा. सीजीसीकडे थेट पाठवायचं तर सशुल्क सदस्यत्व लागतं, नाहीतर अधिकृत विक्रेत्यामार्फत पाठवता येतं. एक-दोनच अंक असतील तर विक्रेत्यामार्फतची वाट सोपी पडते.

फॉर्म भरताना अंकाचं नाव, क्रमांक, प्रकाशनाचं वर्ष आणि जाहीर मूल्य लागतं. शुल्काचे टप्पे अंकाचं वय आणि मूल्य यांवर ठरतात. १९७५ च्या आधीच्या अंकांचा टप्पा वेगळा, नंतरच्यांचा वेगळा, महागड्यांचे आणखी वेगळे. शुल्क वाचवायला मूल्य कमी दाखवू नका. पार्सल हरवलं तर भरपाईचा आधार तोच आकडा असतो, आणि कंपनीला मूल्य टप्प्याबाहेरचं वाटलं तर ती वरचं शुल्क लावते. प्रकार लिहायला विसरू नका. दुसरी छपाई, वेगळं मुखपृष्ठ, १९७७ च्या सुमाराचा पस्तीस सेंटचा चाचणी भाव छापलेली प्रत, असं काही असेल तर स्पष्ट नमूद करा. प्रेसिंग हवं असेल तर त्याच फॉर्मवर मागा.

सोबत ठेवायची कागदपत्रं मोजकीच:

- भरलेल्या फॉर्मची छापील प्रत पार्सलमध्ये आणि एक तुमच्याकडे
- प्रत्येक अंकाचे पुढचे-मागचे फोटो, पाठवण्याच्या दिवशीच काढलेले
- खरेदीची पावती
- पाठवणीची पावती, ट्रॅकिंग क्रमांक आणि विम्याचा कागद
- दुसऱ्या देशातून पाठवत असाल तर सीमाशुल्काचं घोषणापत्र, त्यात 'ग्रेडिंग करून परत येणार' हे लिहिलेलं

बांधणीत कसर करू नका. प्रत्येक अंक पिशवी आणि पुठ्ठ्यात, पिशवीचं तोंड सुटी चिकटपट्टी न लटकवता बंद केलेलं. पिशवीतून अंक काढताना त्या पट्टीला मुखपृष्ठ चिकटून ९.८ चा ८.० झालेला पाहणं फार क्लेशकारक असतं. पिशव्यांचा गठ्ठा अंकांपेक्षा मोठ्या दोन जाड पन्हळी पुठ्ठ्यांमध्ये ठेवा, हलणार नाही इतपत बांधा, पण रबरबँड आवळू नका. मग खोकं, आणि ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मध्ये भरपूर मऊ भराव.

तिथे पोचल्यावर पानं मोजली जातात, दुरुस्ती शोधली जाते, एकाहून जास्त परीक्षक स्वतंत्रपणे ग्रेड देतात आणि शेवटी एक जण ती पक्की करतो. जाहीर केलेली मुदत हा अंदाज समजा. बाजार तापलेला असताना ती महिन्यांनी लांबू शकते, म्हणून येऊ घातलेल्या चित्रपटाच्या तारखेवर डोळा ठेवून पाठवू नका.

ग्रेड अपेक्षेपेक्षा कमी आली तर परीक्षकांचे शेरे वाचा. पुढचा अंक तपासताना त्यांचा जेवढा उपयोग होतो तेवढा कुठल्याच पुस्तकाचा होत नाही.

९. घरी आल्यावर

स्लॅब म्हणजे तिजोरी नाही. त्यात हवा जाते, पाणी शिरू शकतं, आणि प्रकाश तर सरळ आत पोचतो. जुन्या अंकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात लिग्निन असतं, आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो पिवळा पडत ठिसूळ होतो. स्लॅब उभे ठेवा, थंड आणि कोरड्या जागी, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास किंवा कमी. भिंतीवर लावायचा तर ऊन येणार नाही अशी भिंत निवडा आणि अधूनमधून अंक बदलत राहा. तळघर आणि तापणारा माळा, दोन्ही टाळा.

मौल्यवान अंकांची फोटोंसकट यादी करा, प्रमाणपत्र क्रमांक लिहा आणि तिची एक प्रत घराबाहेर ठेवा. घराच्या साध्या विम्यात संग्रहाची पूर्ण किंमत बहुधा धरलेली नसते. संग्रह मोठा झाला की वेगळा विमा घ्या.

१०. विकायची वेळ आली तर

स्वस्त आणि मध्यम किमतीचे अंक ईबेवर किंवा संग्राहकांच्या मेळाव्यात जातात. काही हजार डॉलरच्या पुढच्या अंकांसाठी कॉमिककनेक्ट, कॉमिकलिंक, हेरिटेज या लिलावघरांकडे विचारणा करा. कमिशन किती, पैसे किती दिवसांत, राखीव किंमत ठेवता येते का, हे लेखी घ्या. महाग अंकाचं कमिशन बोलून कमी करता येतं, पण विचारल्याशिवाय कोणी कमी करत नाही. दुकानदार रोख देत असेल तर तो बाजारभावापेक्षा बराच कमी देणार, कारण त्याला पुढे विकून नफा काढायचा आहे. तुम्हाला पैसे त्याच दिवशी हवे असतील तर तोही व्यवहार रास्त आहे. फक्त चौथ्या पायरीत सांगितलेला झालेल्या विक्रींचा कागद सोबत घेऊन जा, आणि त्या मधल्या आकड्याच्या किती टक्के मिळतायत ते तिथल्या तिथे काढून बघा.